हिमालयाच्या वळणाचा अभ्यासक : प्रा. दाराशा नौशेरवान वाडिया

भूशास्त्राचा अभ्यास ग्रंथांनी सुरू होतो. त्याची पूर्तता मात्र डोंगरांतच होते. प्रा. वाडिया यांचे जीवन याची साक्ष देते.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे झाला. बडोद्यास उच्च शिक्षण घेऊन १९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी भारतात या शास्त्राच्या अध्यापनाची सोय फार थोड्या ठिकाणी होती. वाडियांनी सुट्टीचे दिवस जवळच्या डोंगरांत घालविले आणि विद्यार्थ्यांसाठी खडक, खनिजे व जीवाश्म जमविले. भारताच्या भूरचनेवरील त्यांचा विद्यार्थ्योपयोगी इंग्रजी ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला व पुढे अनेक वर्षे पाठ्यग्रंथ म्हणून मान्यता पावला.

१९२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. हिमालयाच्या रांगा काश्मीरपर्यंत वायव्येकडे जातात आणि नंगा पर्वताच्या पश्चिमेस एकाएकी दक्षिणेकडे वळतात. येथे दोन भिन्न पर्वतप्रणाली एकत्र येतात, असे काही विद्वानांचे मत होते. वाडियांनी वळणाच्या दोन्ही बाजूंचे स्तर ताडून पाहिले, तेव्हा एकाच प्रकारचे स्तर वळणाभोवती फिरत गेलेले आढळले. अर्थात, पर्वतप्रणाली एकच होती. ती केसाच्या आकड्यासारखी वाकली होती.

ती का वाकली? सतरंजी पुढे सारीत असता मध्ये खांब आला, तर तिच्या घड्या खांबास वळसा घालतात. त्याप्रमाणे भारतीय भूखंडाचे एक कठीण टोक पाचरीसारखे आड आले आणि खडकांच्या घड्या त्याभोवती वळल्या, असे वाडियांनी १९३१ साली प्रतिपादिले. १९६० नंतर पुढे आलेल्या भूपट्ट-सिद्धान्ताने पर्वतनिर्मितीची मीमांसा अधिक सखोल केली. तथापि वाडियांनी पायी फिरून केलेल्या निरीक्षणांचे मोल कमी झाले नाही.

१९४९ पासून त्यांनी देशातील अणुखनिजांच्या शोधकार्याचे नेतृत्व केले. १९५७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १९६३ साली त्यांस राष्ट्रीय प्राध्यापकपद लाभले. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. डेहराडूनची हिमालय-भूविज्ञान संस्था आज त्यांचेच नाव धारण करते.

आपल्या गावाशेजारच्या टेकडीचे थर कोणत्या दिशेस कलले आहेत, हे ज्याने एकदा निरखून पाहिले, त्याने वाडियांच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले असे समजावे.