फक्त सीएसव्ही आणि पीडीएफ घेणारा एसएफटीपी सर्व्हर

ठरावीक प्रकारच्याच फाइल घ्यायच्या, हा नियम बरेच जण आधी ओपनएसएसएचमध्ये शोधतात. तिथे तो नाही. ओपनएसएसएच वापरकर्त्याला एका फोल्डरात कोंडून ठेवतो, फाइल पुसण्यासारख्या क्रियाही बंद करू देतो. फाइलच्या नावावरून निवड मात्र करत नाही. त्यासाठी प्रोएफटीपीडी घ्यावा. त्याच्या एसएफटीपी मॉड्यूलला पाथअलाऊफिल्टर कळतो: दिलेल्या पॅटर्नमध्ये बसेल तेच नाव आत.

पॅटर्नच्या शेवटचं डॉलरचं चिन्ह विसरू नका. ते राहिलं, तर 'यादी.सीएसव्ही.ईएक्सई' खुशाल आत येते, कारण नावात कुठेतरी '.सीएसव्ही' आहेच. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद काढायचा राहिला, तर कॅपिटलमधलं एक्स्टेन्शन असलेली चांगली फाइल परत जाते, आणि फोन तुम्हाला येतो.

खरी गंमत विनएससीपीची. मूळ सेटिंगमध्ये हा क्लायंट साधारण 100 केबीहून मोठी फाइल आधी नावाला '.फाइलपार्ट' जोडून चढवतो, आणि सगळी पोचली की खरं नाव देतो. त्यामुळे चाचणीची चिमुकली फाइल जाते, महिनाअखेरीची मोठी अडते. उपाय दोन: पॅटर्नमध्ये '.फाइलपार्ट'लाही जागा द्या, नाहीतर पाठवणाऱ्याला ती सोय बंद करायला सांगा. मी पहिला निवडेन. दहा जणांची सेटिंग बदलवण्यापेक्षा आपली एक ओळ बदलणं सोपं.

हे सगळं नावापुरतंच का? क्लायंट आधी 'अमुक नावाची फाइल लिहायला उघड' अशी विनंती करतो. फिल्टरचा निर्णय तिथेच होतो, आणि तोवर मजकुराचा एक बाइटही आलेला नसतो. मजकूर नंतर तुकड्यातुकड्यांनी येतो.

म्हणून आलेली फाइल थेट कामाच्या फोल्डरात घेऊ नये. ती आधी वेगळी ठेवावी, आणि एका स्क्रिप्टने तिचे सुरुवातीचे बाइट वाचावेत. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते, विंडोजचा प्रोग्रॅम 'एमझेड'ने, तर एक्सेलची नवी फाइल 'पीके'ने, कारण ती आतून झिपच असते. सीएसव्हीला अशी खूणच नाही. तिथे स्क्रिप्टने रकाने मोजावेत. '.फाइलपार्ट' असेपर्यंत मात्र हात लावू नये.

इथे नापास झालेल्या फाइलची खबर पाठवणाऱ्याला वेगळी द्यावी लागते. त्याच्या स्क्रीनवर ती केव्हाच 'यशस्वी' झालेली असते.