चूल वेगळी, किल्ली कुणाकडे?

आपल्याकडची कितीतरी मुलंमुली आता डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाला जातात. त्यांतली काही बाटुमीला असतात. काळ्या समुद्राकाठचं हे शहर अजारा या स्वायत्त प्रजासत्ताकाची राजधानी आहे. अजारा म्हणजे जॉर्जियाचाच तुर्कस्तानला लागून असलेला कोपरा, आपल्या गोव्याहूनही लहान. तरी त्याला स्वतःचे मंत्री आहेत, झेंडा आहे, आणि ‘सर्वोच्च परिषद’ नावाची विधानसभाही आहे.

हे वेगळेपण आलं १९२१ च्या कार्सच्या करारातून. बाटुमी सोव्हिएत जॉर्जियाकडे राहील, पण तिथल्या मुसलमान रहिवाशांना स्वतःचा कारभार मिळेल, असं तुर्कस्तानशी ठरलं. भाषा त्यांची जॉर्जियनच. फरक होता तो धर्माचा.

१९९१ पासून अस्लान अबाशिद्झे तिथले पुढारी झाले. बाकी देशात यादवी चालू असताना अजारा शांत राहिलं, त्याचं श्रेय लोकांनी त्यांना दिलं. पण पुढे घराणं म्हणजेच सरकार झालं. मुलगा बाटुमीचा महापौर. तुर्कस्तानच्या सीमेवर सार्पीचा नाका आहे, तिथल्या जकातीचा पैसा देशाच्या राजधानीला, तिबिलिसीला, पोचेना. (सत्ता एका घरात मुरली की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं!) २ मे २००४ रोजी त्यांच्या माणसांनी चोलोकी नदीवरचे पूल उडवले. बाटुमीत लोक रस्त्यावर उतरले. ६ मे रोजी अबाशिद्झे मॉस्कोला निघून गेले.

मग नवा कायदा आला. परिषद लोकांनी निवडायची, पण सरकारच्या प्रमुखाचं नाव जॉर्जियाच्या राष्ट्राध्यक्षांनी सुचवायचं आणि परिषदेने मान्य करायचं. समजा, ग्रामपंचायतीचे सदस्य आपण निवडले आणि सरपंचाचं नाव मात्र मुंबईहून आलं, तर? युरोपातल्या घटनातज्ज्ञांच्या व्हेनिस आयोगानेही तेव्हा म्हटलं होतं, की अशाने स्वायत्ततेत फारसं काही उरत नाही. तिबिलिसीची भीती समजण्यासारखी आहे, पूल नुकतेच उडाले होते. पण एका माणसाच्या चुकीपायी सगळ्या मतदारांचा हात आखडला, असं मला वाटतं.

आज शाळा, दवाखाने, शेती, पर्यटन, गावचे रस्ते हे बाटुमीतून चालतं. सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार तिबिलिसीकडे. एक मात्र झालं. सगळ्या देशाचं घटना न्यायालय त्यानंतर काही वर्षांत तिबिलिसीहून हलवून बाटुमीत आणलं.