जुना बेस, नवा बेस आणि ‘ओरिजिनल’चा हिशेब

१९६२ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यातून निघालेले दोन फेंडर जॅझ बेस एकाच दुकानात विक्रीला आहेत असे समजू. एकाचे पिकअप, खुंट्या, रंग, आतले सोल्डरचे टाकेसुद्धा कुणी हलवलेले नाहीत. दुसऱ्याला मधल्या काळात कुणीतरी नवा रंग दिला, झिजलेले पडदे बदलून घेतले, एका पिकअपची तार पुन्हा गुंडाळून घेतली. विक्रेत्यांच्या ढोबळ हिशेबात नुसता रंग बदलला तरी किंमत निम्म्याच्या आसपास उतरते. हातात घेऊन वाजवायला लागले की मात्र दुसरा सरस ठरण्याची शक्यता चांगलीच असते, कारण तो कुणीतरी वर्षानुवर्षे वाजवला आहे आणि वाजता ठेवला आहे. कारखान्यातून निघाला तसाच राहिलेला बेस सर्वांत मोलाचा, हा बाजाराचा निकष संग्राहकाच्या कपाटाला शोभतो. हे वाद्य ज्या हेतूने घडले आणि ज्या हातांनी ते मोठे केले, त्या दोन्हींशी तो विसंगत आहे. जुना बेस बाळगावा, जरूर बाळगावा. पण त्याची पारख तो कसा वाजतो आणि कसा सांभाळला गेला यावरून व्हावी, आणि नव्या बेसलाही तोच काटा लावावा, असे मला वाटते.

आधी हेतूचे पाहू. पडदे असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा विजेवरचा बेस सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यालाच काढला होता, पण त्याचा प्रसार झाला नाही. सर्वदूर पसरण्याचा मान मिळाला १९५१ साली आलेल्या फेंडरच्या ‘प्रिसिजन’ला. त्याचा कर्ता लिओ फेंडर रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून आलेला माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळेच कदाचित त्याने वाद्याकडे यंत्र म्हणून पाहिले. नाचगाण्याच्या वाद्यवृंदात माणसाएवढा उंच डबल बेस वाहून न्यायचा, आणि इतके करून तो ड्रमच्या आवाजात बुडायचा, ही अडचण त्याने सोडवायला घेतली. एक सपाट लाकडी फळा, त्याला चार स्क्रूंनी जोडलेली मेपलची नेक, ३४ इंची तार. सूर नेमका लागावा म्हणून पडदे, आणि त्या नेमकेपणावरूनच नाव. नेक खराब झाली तर चार स्क्रू काढायचे आणि दुसरी बसवायची. सरस लावून नेक कायमची चिकटवण्याची व्हायोलिनवाल्यांची रीत त्याने मुद्दाम टाळली. पुढे स्वतः फेंडरनेही या वाद्याला गोठवून ठेवले नाही. १९५४ मध्ये फळ्याच्या कडांना अंगाला बसेल असा उतार आला, १९५७ मध्ये एकसंध पिकअप जाऊन दोन तुकड्यांचा आला आणि गुणगुण थांबली, १९६० मध्ये दोन पिकअपचा आणि वरच्या टोकाला पावणेदोन इंचांऐवजी दीड इंच रुंदीच्या नेकचा जॅझ बेस आला. सुटे भाग बदलता यावेत म्हणूनच जे वाद्य तशा पद्धतीने बांधले, त्याचे भाग बदलले म्हणून नाक मुरडण्यात गंमत आहे.

आता हातांचे. मोटाउनच्या असंख्य गाण्यांखाली ज्याचा बेस आहे, त्या जेम्स जेमर्सनचा ‘फंक मशीन’ म्हणून ओळखला जाणारा प्रिसिजन १९६२ चा होता. त्याच्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेढ्याच्या फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि त्या त्याने सहसा बदलल्याच नाहीत. तारांवरचा मळ आणि झिलई हाच त्याच्या स्वराचा भाग होता, शिवाय तारांचा निनाद लवकर विझावा म्हणून झाकणाखाली फोमची पट्टी. १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी तो बेस चोरीला गेला. तो आज सापडला आणि कुणी त्याच्यावर नव्या कोऱ्या तारा चढवल्या, तर एकही स्क्रू न बदलता त्यातला जेमर्सन निघून जाईल. याच्या अगदी उलट टोकाला जॅको पास्टोरियस. त्याचाही बेस १९६२ चाच, पण जॅझ, आणि पडदे काढून टाकलेला. पडद्यांच्या खाचा भरल्या, फ्रेटबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवले, वर गोल वेढ्याच्या खरखरीत राउंडवाउंड तारा लावल्या. १९७६ च्या त्याच्या पहिल्या तबकडीतला तो गाणारा, किंचित अनुनासिक स्वर या साऱ्या ‘बिघाडा’तूनच निघाला आहे. पुढे त्या बेसचे तुकडे झाले, कारागिरांनी ते पुन्हा जोडले, १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो चोरीला गेला आणि दोन दशकांनी सापडला. मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याने पैसा उभा केल्यामुळे तो पास्टोरियस कुटुंबाच्या हाती परत आला. बाजाराच्या यादीप्रमाणे गुण द्यायचे तर हा बेस जवळजवळ प्रत्येक रकान्यात नापास होतो. मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस रॉजर सॅडोस्की यांनी आत बॅटरीवर चालणारे प्रीअँप बसवून बदलला, आणि अंगठ्याने ठोकून वाजवण्याच्या शैलीचा जो लखलखीत स्वर आज आदर्श मानला जातो तो त्या बदललेल्या वाद्याचा आहे. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गमध्ये घेतलेल्या हॉफनरलाही बीटल्सच्या ऐन बहरात नवा रंग दिला गेला होता. १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेलेला तो बेस अर्धशतकानंतर सापडला, तेव्हा रंगावरून कुणी कुरकुरले नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : अपवादात्मक माणसांची उदाहरणे सोडा, जुने लाकूड सुकून मोकळे होते आणि चांगले वाजते, मग ते आहे तसे जपायला नको का? हा दावा तपासायला कठीण असला तरी शेजारच्या प्रांतातला पुरावा बोलका आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी नामवंत व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. २०१२ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत वादकांना जुने कोणते हे भरवशाने ओळखता आले नाही, आणि पसंती बहुधा नव्याकडे झुकली. व्हायोलिनचे तर सारे अंगच आवाज काढते. विजेच्या बेसमध्ये पिकअप तारेची हालचाल टिपतो; लाकडाचा वाटा शून्य नाही, पण तारा, पिकअपची जागा, प्रवर्धक आणि वादकाची बोटे यांच्यापुढे तो लहान आहे. मग जुने बेस खरोखर चांगले वाटतात ते का? एक साधे कारण असे की वाईट होते ते कुणी जपलेच नाहीत. साठ वर्षांची चाळण लागून उरलेल्यांची तुलना आपण दुकानातल्या आजच्या सरसकट मालाशी करतो.

याच श्रद्धेचे एक उपांग म्हणजे ‘सीबीएसपूर्व’ बेसची पूजा. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी १.३ कोटी डॉलरला सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली आणि हळूहळू दर्जा घसरला, हे खोटे नाही. सत्तरच्या दशकातल्या काही जॅझ बेसची तीन स्क्रूंची नेक सैल बसायची, पॉलिएस्टरच्या जाड थराखाली लाकूड गुदमरायचे. तरीही मिलरचा बेस त्याच काळातला. कॅनडाच्या ‘रश’मधल्या गेडी लीचा आवडता १९७२ चा जॅझ बेसही त्याच काळातला, कॅलमाझूच्या एका तारण-दुकानात दोनशे डॉलरला मिळालेला. वर्ष पाहून बेस निवडणारा हे दोन्ही बाजूला सारून पुढे गेला असता.

नव्या बेसची बाजू मांडताना मात्र त्याच्या चाहत्यांनी उगीच लाकडांची नावे आणि गाठींचे सौंदर्य सांगत बसू नये. त्याची खरी कमाई वेगळी आहे. ॲलेम्बिकच्या रॉन विकरशॅम आणि रिक टर्नर यांनी सत्तरच्या सुमारास बेसच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स घालून स्वराचा पल्ला वाढवला. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने तीच कल्पना साध्या, दणकट रूपात दुकानात आणली, आणि त्यातही लिओ फेंडरचाच हात होता. न्यूयॉर्कचा अँथनी जॅक्सन खालच्या सुरांसाठी अडून बसला, म्हणून कार्ल थॉम्पसनने १९७५ मध्ये त्याला सहा तारांचा बेस घडवून दिला. खालचा ‘ई’ सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, खालचा ‘बी’ सुमारे ३१ चा. इतका खोल सूर ३४ इंचांच्या तारेवर बऱ्याचदा ढिला आणि गिचमिड येतो. तो साफ यावा म्हणून ३५ इंची नेक आल्या, पंख्यासारखे पसरलेले पडदे आले. जुन्या फेंडरमध्ये ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास सूर अकाली मरतो. नेड स्टाइनबर्गर आणि मॉड्युलसवाल्यांनी ग्रॅफाइटच्या ताठ नेकने या दोषावर बरीच मात केली. नवे बेस निर्जीव असतात, हा आक्षेप मला या पार्श्वभूमीवर आळशी वाटतो. तो बेसवर नसून त्यावर नेहमीच चढवलेल्या चकचकीत नव्या तारांवर आहे. पण त्यात एक खरा धागा आहे. ऐंशीच्या दशकात बिनपडद्यांच्या स्टिंगरेवर नाव कमावलेला पिनो पॅलाडिनो २००० च्या सुमारास गायक डिअँजेलोच्या ‘व्हूडू’ या तबकडीसाठी जुन्या प्रिसिजनकडे आणि फ्लॅटवाउंडकडे वळला. त्या संगीतात बेसने मागे, जाडसर आणि किंचित उशिरा पडायचे होते. चहूबाजूंनी स्पष्ट ऐकू येणारा बेस तिथे आगंतुक ठरला असता. त्याने वय निवडले नाही, गाण्याला बसणारा स्वर निवडला.

सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. जुना बेस हा दस्तऐवज आहे. नेकच्या टाचेवर पेन्सिलने लिहिलेली तारीख, पोटेन्शिओमीटरवरचा सांकेतिक क्रमांक (१३७ पासून सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे), पिकअपच्या तारेवरचे वेष्टन, यांतून कारखान्याची कार्यपद्धती वाचता येते. प्रत्येक मालकाने मनाला येईल तसे बदल केले तर हा पुरावा नाहीसा होईल. हे मला मान्य आहे, आणि आरंभीचे, अगदी थोडे उरलेले नमुने संग्रहालयाच्या शिस्तीनेच जपले पाहिजेत. पण १९६० नंतरचे फेंडर हे मोठ्या संख्येने बनलेले वाद्य आहे. प्रत्येकाला ताम्रपटाचा दर्जा द्यायचे कारण नाही. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा नेला की तो घासून जवारी पुन्हा काढतो, आणि जवारी ‘मूळची’ राहिली नाही म्हणून त्या तंबोऱ्याची कुणी किंमत पाडत नाही. बेसचे पडदे बदलणे, वाकलेली नेक सरळ करणे हे त्याच जातीचे काम आहे. काढलेला भाग पाकिटात घालून, चिठ्ठी लावून वाद्याच्या पेटीत ठेवला तर दस्तऐवजही वाचतो. उत्पादकांनी मात्र या गोंधळाचे सोने केले : फेंडरने १९८२ पासून जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि १९९५ पासून मुद्दाम ओरखडे पाडून, रंग उडवून ‘रेलिक’ विकायला सुरुवात केली. म्हणजे बदल नको, पण वापराच्या खुणा हव्यात, आणि त्याही दुसऱ्याने पाडलेल्या!

महाराष्ट्रात बेस बाळगणाऱ्यासाठी हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात, राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी बेसला मानाची जागा मिळवून दिली. पुढे मुंबईतच वाढलेली मोहिनी डे आज जगभर वाजवते. पण इथल्या हवेत कुठलीही नेक जून ते सप्टेंबर दमट हवेने हलते आणि हिवाळ्यात पुन्हा उलट्या बाजूला जाते. आतली लोखंडी सळई वर्षातून दोनदा तरी फिरवावी लागते. जुन्या फेंडरमध्ये या सळईचे टोक टाचेत असते, म्हणजे बहुतेक वेळा नेकच काढावी लागते. ‘कधीच उघडला नाही’ अशी हमी देणारा बेस कोकणात चार पावसाळे काढील का, हा प्रश्न खरेदीदाराने विचारलाच पाहिजे. आणखी एक गुंता लाकडाचा. १९५९ पासून साठच्या मध्यापर्यंतच्या फेंडरचे फ्रेटबोर्ड साधारणतः ब्राझिलियन रोझवुडचे. त्या झाडाला १९९२ पासून दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे, त्यामुळे असा बेस देशाबाहेर विकायला परवाने लागतात. त्यानंतर कारखान्यात आले ते भारतीय रोझवुड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसवी. तिच्यावर २०१७ मध्ये निर्बंध आले खरे, पण २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. तेव्हा एखाद्या पूर्वीच्या मालकाने १९६३ च्या बेसचा फुटका फ्रेटबोर्ड काढून शिसवीचा बसवला असेल, तर संग्राहक त्याला हात लावणार नाही. मात्र ब्राझिलियन लाकडाचा परवाना मिळवण्याची यातायात याच बेसच्या वाट्याला येणार नाही.