भाडं कमी म्हणजे घर स्वस्त? कुर्ल्याचा हिशोब करून बघा

मुंबईत भाड्याचं घर शोधताना एक सल्ला हमखास मिळतो, "थोडं लांब जा, भाडं निम्मं होईल." पण त्यातून खरंच किती वाचतं?

एकेकाळी कुर्ल्यात स्वदेशी मिल होती, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. आता ते कारखाने बंद झालेत आणि नोकऱ्या शेजारच्या बीकेसीत आहेत. रोज हजारो लोक कुर्ल्याला उतरून बस किंवा शेअर रिक्षाने तिकडे जातात.

समजा, बीकेसीत काम करणाऱ्या एकाचा पगार ३० हजार आहे. कुर्ल्यात खोलीचं भाडं १५ हजार, बदलापूरला ७ हजार. (आकडे फक्त हिशोबापुरते.)

कुर्ला स्टेशन ते बीकेसी बस दोन्हीकडून लागेलच. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. म्हणजे २५ दिवस जाऊन-येऊन ५०० रुपये. बदलापूरहून येताना पास वगैरे धरून आणखी ५०० लागले, तरी महिन्याला साडेसात हजार वाचतात.

अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी' या संस्थेच्या निकषानुसार घर आणि प्रवास मिळून खर्च उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत असेल, तर ती जागा परवडणारी. आपल्या उदाहरणात कुर्ला जातं सुमारे ५२ टक्क्यांवर, बदलापूर २७ टक्क्यांवर. म्हणजे बदलापूर पास!

पण यात वेळ कुठे आहे?

रोज अडीच तास जास्त लागले, तर महिन्याला साडेबासष्ट तास होतात. साडेसात हजारांना त्याने भागा. तासाला १२० रुपये. रोज आठ तासांच्या नोकरीत हाच माणूस तासाला १५० कमावतो. म्हणजे लोकलमध्ये उभं राहून त्याला पगारापेक्षाही कमी दर मिळतो.

मग लोक लांब का जातात? त्यांचं गणित कच्चं आहे म्हणून नाही. घरमालकाला एक तारखेला रोख भाडं लागतं, वेळ देऊन ते फेडता येत नाही. पगार जितका कमी, तितकी ही सक्ती जास्त. आणि किंमत मोजली जाते ती झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, आजारपणातून.

म्हणून घर बघताना भाड्याशेजारी प्रवासाचे तासही लिहा. आणि कोणी 'परवडणारी घरं' जाहीर केली, की पहिला प्रश्न विचारा: कामापासून किती लांब?