नैराश्य बोलू लागले: ठाणे, लोणावळा, येरवडा

मानसिक आजारातून गेलेल्या माणसाने आपला अनुभव नावानिशी, चारचौघांत सांगणे ही महाराष्ट्रात अलीकडच्या तीन-चार दशकांतली गोष्ट आहे. त्याआधी या विषयावर बोलत ते डॉक्टर. घरचे गप्प राहत आणि आजाऱ्याला कोणी विचारत नसे. मुंबई-पुणे लोहमार्गावर एकीकडे १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय आणि दुसरीकडे येरवड्याचे. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे टोमणे त्यातूनच आले. मावळ या दोहोंच्या मध्ये.

याच मावळात, लोणावळ्याला, मनाच्या स्वास्थ्याचा एक प्रतिष्ठित पत्ताही होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम स्थापन केले, योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्याच वर्षी सुरू केले. ताण, निद्रानाश, मनःशांती हे शब्द त्यामुळे सभ्य घरांत उच्चारता येऊ लागले. हवापालटासाठी किंवा योगासाठी लोणावळ्याला जाण्याने कोणाची सोयरीक मोडत नसे. येरवड्याला जाण्याने मोडू शकत होती. दुखणे मात्र दोन्हीकडे एकच असण्याची शक्यता होती. पवन, आंदर आणि नाणे मावळातल्या वाड्यावस्त्यांना हे दोन्ही पत्ते लांबचेच. तेथे ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी गाठायचा, नाहीतर झोप लागत नाही, अंग जड होते, छातीत धडधडते अशा शरीराच्या भाषेत डॉक्टरांना सांगायचे. दुःख हे दुखणे म्हणून सांगण्याची पद्धतच नव्हती.

तरी आपली पडझड उघड सांगणे या भूमीला अगदीच अनोळखी म्हणता येणार नाही. मावळातल्या भंडारा डोंगराशी ज्यांचे नाव जोडले आहे त्या तुकोबांनी दुष्काळ, दिवाळे, बायकोचा भुकेने झालेला मृत्यू आणि त्यातून आलेली लाज अभंगातच सांगितली. त्यांच्यावर आजचे निदान चिकटवणे चूक ठरेल. शिवाय संताने सांगितले ते लोकांनी वैराग्य म्हणून ऐकले. शेजाऱ्याने सांगितले असते तर वेड म्हणून ऐकले असते.

आधुनिक काळात बोलण्याची रीत आधी व्यसनमुक्तीने रुजवली. अनिल आणि सुनंदा अवचट यांचे ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये पुण्यात सुरू झाले तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसनातून बाहेर पडलेल्यानेच नव्याने आलेल्याला आपली कहाणी सांगायची, हे तिथल्या उपचाराचे अंग होते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ उभी राहिली आणि मनोरुग्णालयाबाहेरही मनाविषयी बोलायला जागा झाली.

गंभीर आजारांबाबत पहिले बोलले ते नातेवाईक. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव लपवला नाही. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) चित्रपटातही आजारी भावाइतकीच त्याची बहीण महत्त्वाची आहे. हा क्रम समजण्याजोगा आहे, कारण नातेवाइकाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, रुग्णाच्या शब्दावर ठेवतीलच असे नाही. पुण्याच्या रेश्मा वल्लियप्पन यांनी २०१५ मध्ये स्वतःच्या स्किझोफ्रेनियावर पुस्तक लिहिले, तेव्हा रुग्ण स्वतः बोलू लागल्याचे दिसले.

नैराश्याची पाळी त्याच सुमारास आली. २०१५ च्या आरंभी दीपिका पदुकोणने आपले नैराश्य जाहीर केले आणि ‘डिप्रेशन’ शब्द घरोघर पोहोचला. ७ एप्रिल २०१७ रोजी दोन गोष्टी एकत्र आल्या: जागतिक आरोग्य दिनाचा त्या वर्षीचा विषय नैराश्य आणि त्याविषयी बोलणे हा होता, आणि त्याच दिवशी नैराश्यावरील ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. भावे-सुकथनकर यांनी त्यात उपदेश टाळला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणाला एक स्त्री आसरा देते आणि प्रश्न न विचारता त्याच्यासोबत राहते, एवढेच.

उघड बोलण्यातला मोठा अडसर कायद्याचा होता. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला होता, म्हणजे असा अनुभव सांगणे हे गुन्ह्याची कबुली देण्यासारखेच होते. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला खटल्यापासून आणि शिक्षेपासून संरक्षण दिले. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे, हेही त्यात आले.

प्रसिद्ध व्यक्तीच्या कबुलीला मर्यादा आहे. ‘त्यांना परवडतं’ म्हणून ऐकणारा मोकळा होतो. कलंक कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे आजाराचा अनुभव असलेल्या माणसांशी संपर्क, असा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ मध्ये मांडला. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने २०१३ पासून राबवलेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पाचा पायाही ओळखीची माणसे हाच होता. गावातलेच स्वयंसेवक मोबाइलवर छोट्या चित्रफिती दाखवत आणि बोलणे सुरू करत. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा मराठीतही मिळते. ज्याला गावात कोणासमोर बोलायचे नाही, त्याला निदान फोनवर बोलता येते.