मागची सीट

सिंदखेडराजा सोडून मेहकरकडे निघालं की किनगावराजा, दुसरबीड, बीबी, सुलतानपूर अशी गावं लागत जातात. या रस्त्यावर मोटारसायकल जिथं थांबेल तिथं तीन प्रश्न विचारले जातात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. कुठून आले? एकटेच? ॲव्हरेज किती देते? पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर सोपं. मधला पुष्कळदा प्रश्न नसतोच, हळहळ असते. पुण्याहून चारशे किलोमीटर माणूस एकटा गाडी हाकत आला, म्हणजे घरी काही तरी झालं असणार. ‘कोणी गेलं का भाऊ?’ असं मला एका टपरीवर खरोखरच विचारलं होतं.

त्यांचंही चूक नाही. बुलढाण्याच्या या पट्ट्यात मोटारसायकलची मागची सीट रिकामी जाणं ही उधळपट्टी आहे. तिथं बायको बसते, म्हातारी आई बसते, खताची गोणी बसते, तालुक्याला निघालेला शेजारी बसतो. शंभर सीसीची गाडी इथं घरातलं माणूस आहे. तिच्यावर एकट्यानं, कामाशिवाय, नुसतं फिरायला जायचं ही कल्पनाच शहरी आणि थोडी चैनीची. माझ्या मागच्या सीटवर बंजीनं आवळलेली बॅग, रेनकोट, पंक्चरचं सामान आणि पाण्याचा कॅन होता.

पुष्कळांना वाटतं, आता समृद्धी महामार्ग असताना या रस्त्यानं कोण येतं? मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. मेहकरजवळून हा महामार्ग जातो, पण दुचाकीला त्यावर बंदी आहे. आधी मला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं, की ताशी १२० च्या त्या रस्त्यावर ‘एकटेच?’ असं विचारणारं कुणी भेटणारच नाही. बंदीमुळे आम्ही गावांतून जातो.

मराठी माणसाचा प्रवास मुळात घोळक्याचा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा शेकडो वारकरी बरोबर असतात. अठराशे सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेत अडकलेल्या गोडसे भटजींबरोबरसुद्धा काका होते. एकट्यानं देश पालथा घालणं आपल्याकडे बैराग्याचं काम. समर्थ रामदासांची बारा वर्षांची भ्रमंती परंपरा सांगते, तीही संसार सोडलेल्याची. घरदार, नोकरी, विम्याचे हप्ते सगळं जागच्या जागी ठेवून पंधरा दिवस एकट्यानं निघून जायचं आणि सोमवारी हजर व्हायचं, याला आपल्या भाषेत अजून धड शब्द नाही. ‘सोलो’ म्हणतात, म्हणू देत.

मी निघालो होतो हिवरा आश्रमला. शुकदास महाराजांनी तिथं विवेकानंद आश्रम उभा केला, रुग्णसेवा केली, शाळा-महाविद्यालयं काढली. आडबाजूच्या वऱ्हाडी गावात विवेकानंद कसे, याचं कुतूहल मला होतंच. पण जाताना डोक्यात घोळत होता तो शिकागोचा वक्ता नव्हे, त्याआधीचा भटक्या. जानेवारी १८९१ च्या अखेरीस मेरठला गुरुबंधूंचा निरोप घेऊन ते एकटे निघाले. माझ्यामागे येऊ नका, असं बजावून. राजपुताना, गुजरात, मग मुंबई. १८९२ मध्ये पुण्याच्या गाडीत ते टिळकांच्या डब्यात बसले आणि आठ-दहा दिवस टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी नाव विचारलं तर, मी एक संन्यासी, एवढंच उत्तर. जवळ मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू. पुढे कोल्हापूर, बेळगाव, गोवा करत डिसेंबरअखेर कन्याकुमारी. पंक्चरचं सामान बांधताना मला त्या कमंडलूची थोडी लाज वाटते.

यंत्रावर बसून एकटं जाण्याची गोष्ट अर्थात निराळी. १९३२ मध्ये लंडनच्या एका मेजवानीत, आता आगबोटीनं घरी जाणार का, असं कुणी तरी विचारलं आणि रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण बोलून गेला, ‘नाही, मोटारसायकलवरून जगाला वळसा घालून.’ समोर डग्लस मोटारसायकल कारखान्याचा माणूस बसला होता. शब्द गिळता आला नाही. फुल्टन हिंदुस्थान ओलांडून जपानपर्यंत गेला. १९७३ मध्ये टेड सायमन ट्रायम्फवर निघाला तो चार वर्षांनी परतला. गाडी बिघडून थांबावं लागतं, माणसं भेटतात, तोच खरा प्रवास, असं त्याचं म्हणणं. बीबीच्या अलीकडे माझी चेन उतरून अडकली तेव्हा ते मला अजिबात पटलं नव्हतं. भर दुपार, बाजूला कापसाचं वावर, सावलीला एक बाभूळ. वीस मिनिटांनी बायको आणि पोर घेऊन चाललेला एक शेतकरी थांबला, त्यानं पाने काढले आणि बायकोनं पोराला माझं हेल्मेट घालून हसवलं. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, ‘चेन सैल ठेवून कायले एवढ्या दूर येता?’

एकट्याच्या प्रवासातला आनंद सांगणं अवघड, कारण तो फार फुटकळ असतो. कुठं थांबायचं यावर चर्चा नाही. चहा आवडला तर दोन, नाही आवडला तर अर्धा टाकून चालते. साठच्या वेगात इंजिनाचा आवाज एका सुरात लागला की हेल्मेटमध्ये आपण बेसूर गातो आणि ऐकणारं कुणी नसतं. दीडशे किलोमीटरनंतर पाठ बोलू लागते, तेव्हा कुरकूर करायचीही सोय नसते म्हणून कुरकूर कमी होते. गाडी रिझर्व्हला लागल्याचा तो पहिला झटका पोटात जाणवतो. शेजारी कुणी असतं तर त्याला दोष देता आला असता.

एकटेपणा गाडीवर येत नाही. तो उतरल्यावर येतो. सुलतानपूरहून आडवाट करून मी लोणारच्या काठावर उभा राहिलो होतो. पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, खाली ते खारं पाणी, जून २०२० मध्ये गुलाबी होऊन जगभर गाजलेलं. ऊन कलत होतं. माझ्या तोंडून ‘बघ’ निघालं. बाजूला कुणी नव्हतं. मला वाटतं, या सगळ्या प्रकाराचं दुखणं एवढंच आहे. जेवायला, झोपायला, वाट विचारायला माणूस लागत नाही. ‘बघ’ म्हणायला लागतो. रात्री लॉजच्या वहीत ‘एकूण व्यक्ती’च्या रकान्यात मालकानं एक लिहिलं आणि खाट तीन जणांची दिली.

हल्लीच्या स्वारांनी त्यावर उपाय काढला आहे: हेल्मेटला कॅमेरा. नोराली स्कूनमेकर ही डच भूगर्भशास्त्रज्ञ २०१८ मध्ये भारतातूनच मोटारसायकलवर निघाली आणि तिचा प्रवास आता लाखो लोक बघतात. आपल्याकडच्या रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून मुंबईहून जगप्रवासाला निघाल्या. मुंबईहून लंडनला पोचलेल्या योगेश आलेकरींची गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला चोरीला गेली, आणि कधी न भेटलेली माणसं मदतीला धावली. लाखोंना ‘बघा’ म्हणणारा एकटा असतो का? माझ्या पिढीचे लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. लोणारच्या काठावर कॅमेरा असता तर मीही बडबडलो असतो.

हिवऱ्याला पोचलो ते विवेकानंदांच्या जन्मतिथीला, पौष वद्य सप्तमीला. उत्सवाच्या महाप्रसादाबद्दल ऐकून होतो, पण डोळ्यांना ते पटत नाही. मोकळ्या वावरात रांगांमागून रांगा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येणाऱ्या पुऱ्या आणि वांग्याची भाजी, आणि जेवायला बसलेली माणसं नजर पोचेल तिथवर. अशा ठिकाणी कुटुंबांना जागा शोधत फिरावं लागतं. एकट्याला मात्र लगेच मिळते. दोन घरांच्या मध्ये एक हात जागा होती, कुणी तरी गुडघा सरकवला आणि मी बसलो. पलीकडच्या आजीनं माझ्या पत्रावळीवर आणखी दोन पुऱ्या ढकलल्या.

निघताना गाडीजवळ एक म्हातारबा उभे होते. मेहकरला जायचं होतं आणि काळीपिवळीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी बंजी सोडल्या, बॅग उचलून पुढे टाकीवर घेतली. कॅन त्यांनी मांडीवर धरला. फाट्यापर्यंत काही बोलले नाहीत. गाडी रस्त्याला लागल्यावर खांद्यावर हात ठेवून ते माझ्या कानाजवळ ओरडले, ‘ॲव्हरेज किती देते?’