ब्राचे माप व आधार : एक विवेचन

स्तनांची घडण ध्यानात घेतल्यावाचून त्यांना आधार देणाऱ्या वस्त्राची परीक्षा करता येत नाही. स्तनात स्नायू नसतात. ग्रंथी, मेद व संयोजी ऊती यांचा तो समुच्चय असून छातीच्या स्नायूंवर तो विसावलेला असतो. त्यास जागच्या जागी राखण्याचे काम त्वचा व आतील नाजूक तंतुमय बंध करतात. इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बंधांचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. धावताना स्तन केवळ वरखाली न हलता आडवे व पुढेमागेही हलतात. हा भार बाहेरून तोलावयाचा तर तो शरीराच्या कोणत्या भागावर टाकावा, हा ब्राच्या रचनेतील मूळ प्रश्न होय.

त्याचे उत्तर ‘बरगड्यांभोवतीच्या पट्ट्यावर’ असे आहे. खांद्यावरच्या बंदांनी फक्त वस्त्राचा वरचा भाग अंगालगत ठेवावयाचा असतो. पट्टा सैल असला की भार बंदांवर येतो. ते आवळले की खांद्यांत रुततात, आणि मान व खांदे दुखू लागतात. पुष्कळ स्त्रिया हे दुखणे बाईच्या जातीला लागलेलेच म्हणून सोसतात. वस्तुतः ते बहुधा पट्ट्याचे दुखणे असते. आपल्याकडील पुढे गाठ मारावयाच्या चोळीत खालची कड गाठीने आवळली जाते आणि ती किती आवळावी हे घालणारीच्याच हाती असते. तयार ब्रामध्ये ही मोकळीक हुकांच्या दोनतीन घरांपुरतीच उरते. म्हणून तेथे मापाला महत्त्व येते.

आता मापाचे अंक. समजा, स्तनांच्या लगेच खालचा घेर ७५ सेंटिमीटर व स्तनांवरून घेतलेला घेर ९० सेंटिमीटर भरला. युरोपीय पद्धतीत हे माप ७५ बी होते. आपल्या दुकानांत त्याच मापाच्या पेटीवर ३४ बी असे असते. परंतु ७५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच. मग ३४ आले कोठून? खालच्या घेरात चारपाच इंच मिळवून अंक काढण्याची जुनी रीत होती, तिचा हा अवशेष आहे. ज्या स्त्रीस हे ठाऊक नाही ती ३४ हा आपल्या छातीचाच घेर समजते, आणि तेथूनच गोंधळास आरंभ होतो.

अक्षरांविषयीचा समज याहून दिशाभूल करणारा आहे. बी म्हणजे लहान व डी म्हणजे मोठे असे स्वतंत्रपणे म्हणता येत नाही. अक्षर हे दोन घेरांतील अंतर दर्शविते, म्हणून पट्ट्याचा अंक बदलला की त्याच अक्षराच्या कपाचे आकारमानही बदलते. ३४ बी, ३२ सी आणि ३६ ए यांचे कप जवळजवळ सारखेच असतात. तेव्हा ३४ बी चा पट्टा सैल वाटल्यास ३२ बी नव्हे, तर ३२ सी मागावयास हवे.

इतके करूनही टेपवर सर्वस्वी विसंबता येत नाही. इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेपने काढलेले माप व अंगावर घालून ठरविलेले माप यांची तुलना केली. टेपच्या रूढ पद्धतीने पट्टा वाजवीपेक्षा मोठा व कप वाजवीपेक्षा लहान ठरतो, असे तीत आढळले. म्हणजे चूक नेमकी त्याच दिशेने होते, जिच्यामुळे भार खांद्यावर जातो. टेपने मिळतो तो केवळ आरंभीचा अंदाज. निर्णय अंगावर घालूनच करावयाचा.

घालताना किंचित पुढे वाकावे, म्हणजे स्तन कपात नीट बसतात. हूक सर्वांत बाहेरच्या घरात अडकवावा. मग आरशात पाहावे. पट्टा मागे व पुढे एका पातळीत हवा. पाठीकडे तो वर चढत असेल तर तो सैल आहे. त्याखाली दोन बोटे सरकावीत, मूठ जाऊ नये. दोन्ही कपांमधील भाग उरोस्थीला टेकावा. तार असल्यास ती स्तनावर न रुतता त्याच्या भोवती बसावी. कपाच्या वरून वा काखेकडून मांस बाहेर येणे हे कप लहान असल्याचे लक्षण होय, तर कापडास सुरकुत्या पडणे हे बहुधा तो मोठा असल्याचे. शेवटी दोन्ही बंद खांद्यावरून उतरवून पाहावे. पट्टा जागचा हलला नाही तर आधार खरा.

अडचण आहे ती दुकानाची. गल्ल्यापलीकडच्या पुरुषाला हलक्या आवाजात अंक सांगावयाचा आणि पेटी पिशवीत टाकून निघावयाचे, अशी खरेदी अजूनही सर्रास होते. घालून पाहण्याची सोय सर्वत्र नसते. त्यामुळे विवाहापूर्वीचा अंक बाळंतपणे होऊन गेली तरी तसाच चालू राहतो. जेथे घालून पाहता येत नाही तेथे निदान परत घेण्याची बोली करून एकच नग आणावा, व घरी वरील परीक्षा केल्यावरच दुसरा घ्यावा. गर्भारपणात, अंगावर पाजण्याच्या काळात आणि वजनात मोठा फरक पडल्यावर माप नव्याने घेणे अवश्य आहे.

नवी ब्रा बाहेरच्या घरात बसावी, याचे कारण धुण्याने व घामाने इलॅस्टिक हळूहळू ताणले जाते. तसतसा हूक आतल्या घरांकडे न्यावा. सर्वांत आतल्या घरातही पट्टा पाठीवर वर सरकू लागला, की कापड कितीही धडके असले तरी ती ब्रा वापरातून काढावी.